भिंतीतला खांब

गिरगावातली ही इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची. 1 सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेली, म्हणून सरकारी भाषेत 'अ' वर्गातली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. खरं तर तिने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. सागाची चौकट, तिच्यात विटांचा भराव, वर चुन्याचा गिलावा. दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या नूतनीकरणाचं काम माझ्याकडे आलं. घरातल्या तरुण जोडप्याला स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधली भिंत नको होती. गिलाव्यासकट जेमतेम सात इंचांची भिंत. मी नकाशावर तिच्यावर लाल रेघ मारली, म्हणजे पाडायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मिस्त्रींचा फोन आला. "मॅडम, छिन्नी थांबवलीय. तुम्ही आधी या."

कधीतरी कुणीतरी चुना खरवडून त्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा केला होता. तो उतरवल्यावर आत फरशीपासून छतापर्यंत सागाचा खांब उभा होता. आरसीसीच्या इमारतीत बारीक भिंत म्हणजे बहुतेक वेळा नुसता आडोसा. लाकडी चौकटीच्या घरात तो हिशेब चालत नाही, हे मला माहीत होतं. तरीही गिलावा चार ठिकाणी उकरून न बघता मी ती रेघ मारली होती. मिस्त्रींनी हात आवरला नसता तर?

खांब ठणठणीत होता. खरी भीती वर होती. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर कोबा आणि वरच्या घराची लादी. तुळईचं दुसरं टोक न्हाणीघराच्या भिंतीत शिरलेलं. मिस्त्रींनी तिथे हातोडीने ठोकलं, तर आवाज भद्द आला. पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. ओलावा मोजायचं मीटर 28 टक्के दाखवत होतं. 20 च्या वर ओल टिकली की लाकडाला बुरशी धरते. न्हाणीघरातली गळती जुनीच असणार. चुना असता तर ती ओल भिंतीतून सुकत राहिली असती. सिमेंटने तिला आत कोंडलं, आणि वर्षानुवर्षं तुळईचं टोक ओलंच राहिलं.

सगळे हातोडे बंद केले आणि स्ट्रक्चरल इंजिनियरना बोलावलं. ते म्हणाले, टेकू लावायचे, पण नुसते इथे नाही. इथला टेकू भार खालच्या घराच्या तक्तपोशीवर, म्हणजे लाकडी छतावर टाकणार, ती तो पेलेलच असं नाही. टेकू जमिनीपर्यंत न्यायला हवेत, प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक.

म्हणजे पहिल्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड आणि तळमजल्यावरचं पूजासाहित्याचं दुकान. आणि वर आजी.

आधी आजींकडे गेले. नेमक्या त्या टोकावर पाण्याने भरलेलं पिंप, दोनशे लिटरचं, म्हणजे दोनशे किलो. शेजारी कपाट. मी सगळं जसं आहे तसं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. "आधी पिंप रिकामं करते, मग कपाट हलवू," म्हणाल्या, आणि स्वतःच बादल्या भरायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वयंपाक अर्धा टाकून ओटा मोकळा करून दिला. दुकानात मात्र बोलणं लांबलं. गौरी-गणपती तोंडावर, आणि मी दुकानाच्या मधोमध लोखंडी टेकू मागत होते. मी मालकांना वर नेऊन पेचकस हातात दिला. त्यांनी तो लाकडात खुपसला, बाहेर काढला, आणि न बोलता खाली जाऊन काउंटर सरकवायला घेतला.

दुपारी तीनला तळमजल्यापासून सुरुवात केली. खाली जाड फळी, वर जाड फळी, मध्ये टेकू. मिस्त्री टेकूच्या स्क्रूचा आटा अर्धा अर्धा फिरवत होते. तुळई उचलायची नव्हती, तिचा फक्त भार घ्यायचा होता. इतक्या वर्षांत चौकट ज्या ठेवणीत बसली आहे, तिथून ती जबरदस्तीने वर रेटली तर वरच्या भिंती तडकतात. शेवटचा टेकू आवळला तेव्हा साडेसात वाजले होते. आजींच्या घरी कुठे तडा गेला का ते बघायला मी बॅटरी घेऊन गेले. नव्हता.

पुढचं काम दीड महिना चाललं. आधी गळती बंद केली. कुजलेलं टोक कापून, पाडलेल्या इमारतीतून आलेला जुना साग जोडला, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या आणि बोल्ट लावले. गिलावा पुन्हा चुन्याचा. विटांचा भराव काढला, खांब ठेवला. जोडप्याला तो आता उघडाच आवडतो.

एका संध्याकाळी आजी तो बघायला खाली आल्या. खांबावर हात फिरवून म्हणाल्या, "हाच वर आमच्या देवघरामागून जातो ना? तिथेही सिमेंटच आहे गं. बघतेस?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी देवघरामागे वरच्या अंगाला वीतभर गिलावा काढला. मी मीटरच्या सुया आधी खांबात आणि मग तुळईच्या टोकात रोवल्या. दोन्हीकडे 13.