मगर भुकेली नाही, तिला ऊन लागतंय

बडोद्यात दोन दिवस होतो. राजवाडा, म्युझियम, सूरसागर, सगळं बघून झालं आणि ठीकच होतं. लिहायला बसलो ते काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरच्या अर्ध्या तासामुळे. बाजूला कमाटीबाग, खाली विश्वामित्री नदी, कठड्याला रेललेली वीसेक माणसं आणि गाळावर आठ-नऊ फुटांची मगर, जबडा सताड उघडा. "भुकेली आहे हो ती," शेजारचे काका म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी बिस्किटाचा पुडा भिरकावला. मगर ढिम्म.

भुकेचा इथे संबंधच नाही. मगरीला घाम येत नाही, आणि अंगात ऊब तयार करून ती टिकवणंही तिला जमत नाही. थंडीत रात्री ती पाण्यात असते, कारण पाणी हवेइतकं पटकन गार होत नाही. ऊन वर आलं की काठावर येऊन अंग शेकते. डोकं फार तापायला लागलं की जबडा उघडते: तोंडातला ओलावा वाफ होऊन उडतो, डोकं गार राहतं आणि बाकीचं अंग तापत राहतं.

म्हणून पक्षी बघणाऱ्यांची सवय इथे कामाची नाही. जानेवारीत पहाटे सहाला गेलात तर नदीचा वास तेवढा मिळेल (तो मात्र भरपूर). 10 ते 12 ही खरी वेळ. मे महिन्यात नेमकं उलटं: भल्या सकाळी जा. दुपारी पाण्यावर डोळे-नाकपुड्या दिसल्या तर नशीब, नाहीतर ती काठात स्वतः खणलेल्या बिळात असते. 8 बाय 42 ची दुर्बीण पुरते. आधी मगर शोधू नका, पाण्यापर्यंत गेलेली गुळगुळीत घसरण शोधा.

नदीतल्या सांडपाण्यात मासा गुदमरतो, मगरीचं अडत नाही. ती हवेत श्वास घेते. मासे कमी पडले तर डुक्कर, कुत्रं, काहीही चालतं.

अडतं ते काठाचं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी पुराच्या रेषेवरची जागा बघून मातीत फूट-दीड फूट खड्डा करते आणि साधारण 25-30 अंडी घालते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं निघतात. नर की मादी, हे त्या खड्ड्यातली ऊब ठरवते. सुशोभीकरण म्हणून काठ दगडांनी बांधला की बीळही गेलं आणि घरटंही. मला ‘सुशोभीकरण’ या शब्दाचीच चीड आहे.

ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी वस्त्यांत दिसल्या, तेव्हा "शहरात घुसल्या" अशी ओरड झाली. जोरदार प्रवाहात मगर कडेच्या संथ पाण्याकडे सरकते, आणि पुरात संथ पाणी म्हणजे सोसायटीचं पार्किंग. पाणी ओसरलं की ती तिथेच अडकते. अशा वेळी गाडी काढण्याआधी लांबूनच खाली टॉर्च मारा, गटारात हात घालू नका. दिसली तर वीस फूट मागे सरून वनखात्याला फोन करा. दगड मारला की ती आणखी आत, अंधारात शिरते.

पुलावर मधेच ढग आला. दहा-बारा मिनिटांनी मगरीने जबडा मिटला.

"झोपली," काका म्हणाले.