आमची वाटचाल : देवांच्या फ्रेमपासून परक्या आजीपर्यंत

अण्णांचं पुण्यात फोटोफ्रेमचं दुकान होतं. गणपती, गजानन महाराज, लग्नातली जोडपी, आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी घाईघाईने आणलेला गेलेल्या माणसाचा फोटो. काच कापायला मी तिथेच शिकलो. 2004 साली हिच्या नोकरीपायी इंग्लंडात बाथला आलो आणि जुन्या चौकटी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे लागलो. पाच वर्षांनी त्याने काम थांबवलं, त्याची हत्यारं मी हप्त्याने घेतली, आणि आमची फर्म सुरू झाली. कोरीवकाम आणि सोन्याचा वर्ख माझ्याकडे, हिशेब आणि पत्रव्यवहार हिच्याकडे.

अठराव्या शतकातल्या चौकटींचा एक प्रकार इथे 'कार्लो मराट्टा' म्हणून ओळखतात. नाव इटालियन चित्रकाराचं, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं काम टाकून मी वर बघितलं होतं.

चौकटी दुरुस्त करता करता आतली माणसं ओळखीची झाली. या गावात ते साहजिकच; गरम पाण्याच्या कुंडांसाठी येणाऱ्या उमराव मंडळींची चित्रं काढत गेन्सबरो 1759 ते 1774 इथेच राहिला. मग आम्हीही लहानसहान चित्रं घेऊन, साफ करून घेऊन विकायला लागलो. आणि सातव्या वर्षी तोंडावर आपटलो.

एका लिलावात निळ्या सॅटिनमधली एक बाई दिसली. कॅनव्हास 30 बाय 25 इंच, म्हणजे त्या काळचं छातीपर्यंतच्या चित्राचं ठरलेलं माप. चौकटीवर पितळी पट्टी : 'सर जोशुआ रेनॉल्ड्स', म्हणजे अठराव्या शतकातला इंग्लंडचा बडा चित्रकार. चित्राच्या कोपऱ्यात एका लेडीचं नाव आणि घराण्याचं चिन्ह. कॅटलॉगमध्ये मात्र रेनॉल्ड्सचं नाव नव्हतं. मला वाटलं, त्यांच्या नजरेतून सुटलंय. 3,800 पौंड मोजले, वर कमिशन. ही आठवडाभर कामापुरतंच बोलत होती.

घरी आणून अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. जुनं वॉर्निश हिरवट उजळलं, आणि कोपऱ्यातली अक्षरं त्यावर काळी ठिक्कर, वर तरंगल्यासारखी. म्हणजे बाईचं नाव वॉर्निश वाळून जुनं झाल्यावर कुणीतरी घातलेलं. पट्टीचे स्क्रू तर यंत्रावर कापलेले, मागच्या शतकातले. मागे कधीतरी कॅनव्हासला दुसरं कापड चिकटवताना इस्त्री इतकी दाबलेली, की गालावरचे रंगाचे उंचवटे सपाट झालेले.

मग तो झगा बघितला. हाच झगा, हीच मोत्यांची माळ, वेगवेगळ्या चित्रकारांनी रंगवलेल्या बायकांच्या अंगावर! कारण चेहरा चित्रकाराचा आणि कपडे दुसऱ्याचे, अशी तेव्हाची सरळ पद्धत होती. 1749 साली वारलेला व्हॅन एकन हा थॉमस हडसन या चित्रकारासाठीही कपडे रंगवायचा आणि अ‍ॅलन रॅमझेसाठीही. आमची बाई त्याच वळणाची, साधारण 1745 ची. तरुण रेनॉल्ड्स 1740 ते 1743 हडसनकडेच शिकायला होता. पट्टीच्या खोटेपणात खऱ्याचा असेल तर एवढाच अंश.

या धंद्यात शब्दाला किंमत असते, अगदी पौंडांत. 'अट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचंच, 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या चित्रशाळेतलं, 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावातल्या कुणाचं तरी, 'आफ्टर' म्हणजे नक्कल. एक पायरी उतरली की कधी कधी किमतीतलं शून्यच गळतं. पट्टी तशीच ठेवून गप्प राहा, असं दोघातिघांनी सुचवलं. हिने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

अण्णा त्या उन्हाळ्यात आले होते. बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले.

"कोण रे ही?"

"माहीत नाही, अण्णा."

"मग दुसऱ्याची आजी लोक आपल्या भिंतीवर कशाला लावतील?"

लावतात, अण्णा. जुनं घर घेतलेल्यांना जिन्यात टांगायला तयार पूर्वज हवे असतात. पण चौकट अण्णांना पसंत पडली. कोपऱ्यातला सांधा नखाने चाचपून म्हणाले, "हा मात्र तू नीट बसवलायस."

सध्या ती आमच्या दुकानात खिडकीपासून लांब, उन्हाच्या आड टांगलेली आहे. 'सर्कल ऑफ थॉमस हडसन, निळ्या पोशाखातील अज्ञात स्त्री', 2,900 पौंड. पट्टी पाकिटात घालून सोबत देऊ, दिव्याखाली काढलेले फोटोही. अण्णा दर रविवारी फोनवर विचारतात, "गेली का रे ती बाई?"

अजून नाही.