तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावरचं जुनं वॉशिंग मशीन रोज चालतं का?

"भंगारात एक जुनं, टेबलावर ठेवायचं छोटं वॉशिंग मशीन दिसलंय. घेऊ का? आणि घेतलं तर धुणं होतं त्यात, का नुसतं शोकेसला?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहिलेलं बरं.

धुणं होतं. फक्त अख्ख्या घराचं एका दमात होत नाही, आणि मशीन आणल्या दिवशी तर मुळीच नाही.

या मशिनांचा टब मोठ्या बादलीएवढा. पाणी दहा-पंधरा लिटर, सुके कपडे किलो-सव्वा किलो. पाणी हातानं भरायचं, नळीनं सोडायचं, स्पिन नाही. घेताना आधी मोटर कुठं आहे ते बघा. काहींत ती झाकणावर असते आणि पंखा वरून खाली पाण्यात सोडलेला असतो. काहींत मोटर खाली, शाफ्ट टबच्या बुडातून वर येतो. तिसऱ्या प्रकारात चकती बाजूच्या भिंतीत असते. 1948 साली वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यातून निघालेलं हूवरचं 0307 हे त्या घराण्यातलं. ते जमिनीवर उभं राहणारं, पण दुरुस्तीचं गणित तेच. झाकणावर मोटरवालं मिळालं तर जास्त घासाघीस करू नका, कारण पाण्याखाली सीलच (शाफ्टभोवती पाणी अडवणारी रबरी कडी) नाही म्हणजे निम्मी डोकेदुखी नाही. फक्त झाकण उचलायच्या आधी प्लग काढायचा.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट तपासा. 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेला बराच माल पुसूनबिसून बाजारात येतो. खालचा पत्रा काढून आत बोट फिरवा. कोपऱ्यात गाळाची पिवळट रेघ असली तर वायंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) दोन्ही गेलेत असं धरूनच किंमत करा.

आता वीज. जुनी रबरी वायर वाकवली की तिचा भुगा होतो. ती सरळ काढून टाका, तीन कोअरची नवी घाला आणि पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग द्या. मूळ प्लग दोन पिनांचा होता म्हणून तो जपायचा, हा हौशी लोकांचा हट्ट जिवावर बेततो. मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) वायंडिंग आणि बॉडीमधला रोध मोजा. 1 मेगओहमच्या खाली आला तर प्लग लावायचाच नाही. दमट वायंडिंग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा मोजा. बाथरूमच्या लाइनला 30 मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

अमेरिकन मशीन असेल तर पाटीवर 115 व्होल्ट, 60 सायकल (म्हणजे हर्ट्झ) लिहिलेलं असतं. लोक 110 चा ट्रान्सफॉर्मर लावून मोकळे होतात आणि वर्षभरात मोटर जळाली म्हणून ओरडतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल नाही. आपल्याकडच्या 50 सायकलला त्या मोटरला साधारण 96 व्होल्टच सोसतात, त्याहून जास्त दिले की लोखंड तापतं. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाइंडिंगवाल्याकडून 96 व्होल्टचं टॅप काढलेला, निदान 500 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर करून घ्या. मिनिटाला 1725 फेऱ्यांची मोटर मग 1440 च्या आसपास फिरते. पाच मिनिटांऐवजी सहा मिनिटं धुवायचं, एवढाच फरक. कार्बन ब्रशवाल्या मोटरला सायकलची ही भानगड नाही.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? प्लग काढा, बेल्ट उतरवा. पुन्हा चालू करून लाकडी काडीनं पुली ढकला. फिरायला लागली तर कंडेन्सर किंवा आतला सेंट्रिफ्यूगल स्विच गेलाय. कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा घ्या. बुशला पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब पुरे. खोबरेल घालू नका, ते चिकटून बसतं.

आणि सील. ही मशिनं मरतात ती बहुतेक सीलमुळं. बुडातून शाफ्ट येतो तिथला सील गळायला लागला की पाणी थेट खालच्या मोटरवर. नवा सील बेअरिंगच्या दुकानात मिळतो, पण व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) घेऊन जा. शाफ्ट 5/8 इंच असेल तर तो 15.875 मिलिमीटर भरतो. दुकानदार 16 चा सील पुढं करतो, आणि तो कधी धरतो, कधी नाही. इंचातलाच मागा. स्प्रिंगची बाजू पाण्याकडे. तरीही गळत असेल तर शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलच्या ओठानं तिथं बारीक खाच पाडलेली असते. नवा सील त्याच खाचेवर बसवला तर पहिल्या दिवसापासून गळणार. दोन मिलिमीटर वर-खाली सरकवून बसवा, नाहीतर टर्नरकडून शाफ्टवर स्टेनलेसची बारीक स्लीव्ह चढवून घ्या.

ही खाच पडते मातीच्या कचकचीनं. त्यामुळं तालमीतले कपडे थेट मशिनात टाकायचे नाहीत. हौद्यातली तांबडी माती तेलाताकानं मळलेली, ती कापडात मुरते. आधी बादलीत दोन पाण्यांतून खळबळून माती खाली बसू द्या. लंगोट जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर त्याचे बंद शाफ्टला असे गुंडाळतात की कात्रीच लागते. नऊवारीचं तेच. ती हातानंच धुवा.

आधी पाणी, मग पावडर, मग मशीन चालू करून एकेक कपडा. पावडर सपाट एक मोठा चमचा. फेस झाकणापर्यंत आला म्हणजे ती जास्त झाली. टब किंवा पंखा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा घालायचा नाही, धातू काळा पडतो आणि तो काळेपणा बनियनवर उतरतो. इनॅमलचा टवका उडाला असेल तर तिथं इपॉक्सी लावा, नाहीतर पांढऱ्या शर्टावर गंजाचे डाग ठरलेले.

काही मशिनांवर कपडे पिळायला हँडलनं फिरवायचे रबरी रूळ असतात. ते कडक होऊन तडकले असतील तर छापखान्याच्या रुळांना रबर चढवणाऱ्याला दाखवा आणि मऊ रबर मागा. कपडा घालताना बटणं आतल्या घडीत. बोटं लांब. पोरांना हँडल फिरवायला फार आवडतं, तेव्हा सुटका करायची खिट्टी आधी चालते का बघा. धुणं संपलं की रुळांचा स्क्रू सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर रबर एका जागी चपटं होतं आणि पुढच्या वेळी हँडल दर फेरीला तिथंच अडखळतं.