ओढणं सोपं, थांबवणं अवघड: पिकअपमागे ट्रेलर लावून रॉकी पर्वतात

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० हायवे ट्रेलरांनी भरून जातो. कुणाच्या पिकअपमागे बोट, कुणाच्या मागे घोडे, आणि सगळ्यात जास्त ते ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर सगळं. आम्हीही असं एक घर ओढतो. नवरा आणि मी आळीपाळीने चालवतो. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की तिकडून हमखास विचारणा होते, "एवढं धूड ही गाडी ओढते तरी कशी?"

ओढते, अगदी सहज. आजचे पिकअप इतके ताकदवान आहेत की सपाट रस्त्यावर मागे तीन टन आहेत याचा विसर पडतो. मला भीती वाटते ती या विसराचीच. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी अलीकडे ट्रेलर घेतले. घेताना चर्चा होते ती इंजिन किती ओढेल याची. तो भार थांबवायचा कसा, हे क्वचितच कुणी विचारतं. त्यात इथे यासाठी वेगळी परीक्षाही नाही. पिकअप आणि ट्रेलर यांचं मिळून ठरवून दिलेलं कमाल वजन २६,००१ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११,८०० किलोंच्या, आत असेल तर कार चालवायच्या साध्या लायसन्सवर काम भागतं. काल छोटी कार चालवणारा माणूस आज सहा टनांचा ताफा घेऊन घाटात उतरू शकतो.

जाहिरातीत ठळक छापलेला असतो तो ओढण्याचा आकडा. अमेरिकेतल्या कंपन्या तो जे२८०७ नावाच्या प्रमाणानुसार काढतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर, उन्हाच्या तडाख्यात, एसी चालू ठेवून भार ओढावा लागतो. ब्रेकच्या आणि स्थिरतेच्या चाचण्याही असतात. चाचणी कडक आहे. पण पिकअपमध्ये माणसं धरलेली असतात दोनच, प्रत्येकी ६८ किलोंची. मागच्या सीटवरची मुलं, सायकली, जनरेटर, सरपण हे त्या हिशोबात येत नाही.

खरा हिशोब चालकाच्या दारापाशी आहे. दार उघडलं की खांबावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा एक स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर किती वजन ठेवता येईल, ते त्यावर लिहिलेलं असतं. याला इथे पेलोड म्हणतात, आणि तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही फरक पडतो, कारण सनरूफ, चामड्याच्या सीट, मोठी चाकं हे सगळं त्यातूनच वजा होतं.

समजा, एका पिकअपवर लिहिलंय की ती ५,००० किलो ओढते आणि तिचा पेलोड आहे ७२५ किलो. मागे लावायचा ट्रेलर ३,००० किलोंचा. वाटतं, दोन टन हाताशी शिल्लक आहेत. आता बेरीज करा. चौघांचं कुटुंब २७० किलो. पिकअपच्या हौद्यातलं सामान १४०. हिच, म्हणजे जोडणीचा लोखंडी सांगाडा, ४०. आणि ट्रेलरच्या दांडीचा पिकअपवर येणारा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, तो १३ टक्के धरला तर ३९० किलो. झाले ८४०. ओढण्याच्या आकड्याच्या आसपासही न जाता ही गाडी ११५ किलोंनी जास्त भरली. म्हणून ट्रेलर पसंत करण्याआधी दार उघडून तो स्टिकर वाचा. विक्रेता तो आपणहून दाखवेलच असं नाही.

दांडीवरचा हा भार कमी करून सुटका होत नाही. बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: ओझं मागे गेलं की गाडी उलाळते, पुढे आलं की बैलांच्या मानेवर येतं. ट्रॅव्हल ट्रेलरच्या दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. त्याहून कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो. जास्त झाला तर पिकअपचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक यांची पकड कमी होते. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढे आणि तळाशी ठेवायचं ते यासाठी. भार वाटून देणारी हिच मिळते, तिच्या स्प्रिंगच्या दांड्या काही वजन परत पुढच्या चाकांवर ढकलतात. ती जरूर घ्यावी. पण तिने पेलोड वाढत नाही. तो वाढतो, हा गैरसमज मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला आहे.

अंदाजावर राहू नका, वजन करा. हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या पंपांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात आणि तिथे आपल्यासारख्यांनाही वजन करता येतं. काट्याचे तीन पाट असतात. पिकअपची पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर, असे तीन वेगळे आकडे पावतीवर छापून येतात. मग ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपचं वजन केलं की दोन पावत्यांवरून दांडीवरचा भार काढता येतो. हे करताना ट्रेलर प्रवासाला निघाल्यासारखा भरलेला हवा. नुसत्या पाण्याच्या टाकीतले दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो.

आता घाट. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथून तासाभरात आय-७० आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोचतो. पश्चिमेकडे जाणारा बोगदा १९७३ साली खुला झाला, पूर्वेकडे येणारा १९७९ साली. चढताना हवा विरळ होत जाते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, त्यामुळे वरपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. गाडी हळू चढते, बस. उजव्या लेनमध्ये राहायचं आणि घाई करायची नाही.

खरी कसोटी बोगद्यातून बाहेर पडल्यावर लागते. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत बाराएक किलोमीटर सलग उतार आहे, बराचसा सहा-सात टक्क्यांचा. या टप्प्यात रस्ता दोन हजार फुटांहून जास्त खाली येतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो, हा उतार त्याहूनही थोडा मोठा. सहा टनांचा ताफा एवढा खाली आणायचा तर त्याची ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ही उष्णता शंभरएक लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. थोडी वारा घेतो, थोडी इंजिन घेऊ शकतं, उरलेली सगळी ब्रेकांवर. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळू शकतं आणि मग पेडल दाबलं तरी गाडी हळू होत नाही. या उतारावर रस्त्याच्या कडेला वर चढत जाणारे खडीचे दोन मार्ग केलेले आहेत, ब्रेक गेलेल्या ट्रकनी त्यात घुसून थांबावं म्हणून. ते सजावटीला नाहीत.

उपाय आपल्या घाटातल्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना ठाऊक असलेलाच आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पिकअपमध्ये टो-हॉल नावाचं बटण असतं, ते दाबलं की गाडी खालचा गिअर धरून ठेवते आणि इंजिन भार रोखतं. डिझेल पिकअपमध्ये एक्झॉस्ट ब्रेकही मिळतो, तो धुराची वाट अडवून इंजिनाकडून गाडी रोखून धरतो. वेग उतार सुरू होण्याआधीच कमी करायचा. त्यानंतरही वाढला तर ब्रेक नीट जोर देऊन दाबायचा, ताशी दहा-पंधरा किलोमीटरनी वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, म्हणजे ब्रेकना थंड व्हायला वेळ मिळतो. बोरघाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणाऱ्या ट्रकांमुळे किती बळी गेले आहेत, हे आपण पेपरांत वाचत आलो आहोत. भौतिकशास्त्र इथेही तेच आहे.

माझे सासरे शिरोळ तालुक्यातले. ते इथे आले तेव्हा ट्रेलरभोवती एक फेरी मारून त्यांनी पहिला प्रश्न केला, "अगं, मागच्या डब्याला ब्रेक हाय का न्हाई?" ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांना ब्रेक नाहीत, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. उतारावर मागचा भार ट्रॅक्टरला कसा ढकलतो तेही. इतका नेमका प्रश्न मला आजवर दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

ब्रेक आहे. कोलोरॅडोत ३,००० पौंड किंवा जास्त वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. ते विजेवर चालतात आणि पिकअपमधला ब्रेक कंट्रोलर त्यांना किती जोराने लागायचं ते सांगतो. हा जोर प्रत्येक वेळी निघताना तपासावा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना कंट्रोलरची कळ हाताने दाबायची. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्यासारखं जाणवलं पाहिजे, पण त्याची चाकं जाम होता कामा नयेत. शिवाय एक बारीक केबल असते: ट्रेलर सुटलाच तर ती ओढली जाऊन ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक मारतो. ती पिकअपलाच अडकवायची, साखळ्यांना किंवा ज्या गोळ्यावर ट्रेलर बसतो त्या बॉलच्या दांड्याला कधीही नाही. सुरक्षा साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे दांडी निसटली तर रस्त्यावर न रुतता त्यांच्यावर पडते.

वाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घरून येणाऱ्यांना त्याची कल्पना नसते. उत्तरेला वायोमिंगमध्ये आय-८० वर, लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात, वारा इतका असतो की उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद केला जातो. रिकामा ट्रेलर म्हणजे तेच, उंच आणि हलका. अशा वेळी पंपावर थांबून रात्र काढावी, त्यात कमीपणा काही नाही. वाऱ्याने, किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्याने, ट्रेलर डोलू लागला तर मन सांगतं, ब्रेक मार. तो मारायचा नाही. स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, वेग वाढवायचा नाही. एक्सलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरच्या कळीने दाबायचे. मागचा भार मागे खेचला गेला की ताफा पुन्हा सरळ होतो. ही कळ डोळे मिटून हाताला सापडली पाहिजे. गाडी उभी असताना सराव करा.

वेगाचंही तसंच. आय-७० वर काही ठिकाणी ताशी ७५ मैलांची परवानगी आहे, पण ट्रेलरचे बरेच टायर ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ ची मर्यादा आहे. आम्ही साठच्या पुढे जात नाही. मागून दिवे दाखवणाऱ्यांना जाऊ द्यावं.

उन्हाळ्यात इकडे येऊन युटाच्या लाल डोंगरांपर्यंत ट्रेलर न्यायचा विचार असेल तर एवढं करा. भाड्याच्या पिकअपच्या करारात ट्रेलर ओढायला परवानगी आहे का ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी ती नसते. ट्रेलर भाड्याने देणाऱ्याकडून ब्रेक कंट्रोलर लावून घ्या आणि वापरून पाहा. रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा दिवस वळणं आणि रिव्हर्स घेऊन बघा. एवढा वेळ नसेल तर ट्रेलरऐवजी मोटारहोम, म्हणजे घर आणि इंजिन एकाच गाडीत असलेलं वाहन, घ्या. उतारावर खालचा गिअर त्यालाही लागतोच.