तुम्ही विचारलंत म्हणून: बंद खाणीवर झाडं लावायला एवढी वर्षं का लागतात?

मी खाणी बंद करण्याच्या कामात आहे, म्हणजे खनिज काढून झाल्यावर मागे जे उरतं ते निस्तरायच्या, आणि हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो की अहो पण झाडं लावून टाकली की झालं ना, त्यात दहा-पंधरा वर्षं काय करता तुम्ही लोक? प्रश्नाचा राग येत नाही. बाहेरून दिसतं ते तेवढंच असतं, खड्डे खणले, रोपं लावली, पाणी घातलं, फोटो काढला. तर एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

थोडक्यात सांगायचं तर झाड लावणं हे या कामात जवळजवळ शेवटी येतं, आणि लावलेलं झाड जगणार की नाही हे बऱ्याचदा खाण सुरू होते त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. बंद होताना आम्ही येतो तेव्हा खेळ अर्धा संपलेला असतो.

म्हणजे कसं, ते सांगते. उघड्या खाणीत खनिजाच्या वर जे काही असतं, माती, मुरूम, खडक, ते सगळं आधी उचलून बाजूला टाकावं लागतं, त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, साइटवर कोणी एवढं लांबलचक बोलत नाही, नुसतं ओबी. आता वरून खाली खणत गेलं की सगळ्यात आधी सुपीक माती निघते आणि ती ढिगाच्या तळाशी जाते, सगळ्यात शेवटी खोलवरचा खडक निघतो आणि तो ढिगाच्या डोक्यावर जाऊन बसतो. जमीन चक्क उलटी होते. जो खडक लाखो वर्षं हवा न लागता खाली पडून होता तो वर आला आणि आपण त्यात रोप लावणार, ना सेंद्रिय काही, ना नायट्रोजन, ना पाणी धरून ठेवायची ताकद. मग रोप मेलं की म्हणायचं पाऊस कमी झाला.

म्हणून वरचा वीतभर मातीचा थर, टॉपसॉईल, आधी वेगळा काढायचा असतो. त्यात बिया असतात, जिवाणू असतात, झाडांच्या मुळांना जोडून घेणारी बुरशी असते. पण वेगळा काढला म्हणजे काम झालं असंही नाही, कारण बहुतेक ठिकाणी तो थर उंच ढीग करून ठेवतात, आणि ढीग उंच झाला की आत हवा पोचत नाही, बुरशी मरते, बिया कुजतात, आणि बऱ्याच वर्षांनी तो ढीग पसरताना कागदावर 'टॉपसॉईल जपली' असं लिहिलेलं असतं आणि हातात नुसता मातीच्या रंगाचा भुसा असतो. बारीक कण आहेत, जीव नाही.

यावरचा उपाय कोणाला तरी कधीतरी सुचायलाच हवा होता, की ढीगच करायचा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा नावाच्या निलगिरीच्या जातीचं जंगल आहे, तिथे 1960च्या दशकापासून बॉक्साइट काढतात. बॉक्साइट तिथे उथळ आहे, त्यामुळे एक तुकडा खणून झाला की पुढचा. तर पुढच्या तुकड्यावरची ताजी माती काढून थेट मागच्या, खणून झालेल्या तुकड्यावर नेऊन पसरायची, मध्ये साठवण नाही. बियांचा मोठा भाग अगदी वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतो, त्यामुळे माती किती जाड थरात उचलली यालाही महत्त्व, फार खोल उचललं तर बियांची माती खालच्या मातीत मिसळून विरळ होते. शिवाय तिथल्या कितीतरी बिया वणव्याशिवाय उगवत नाहीत, म्हणून काही जातींच्या बियांना धुराची ट्रीटमेंट देतात. आणि एवढं करूनही काही झुडपं, लव्हाळ्यांसारख्या काही जाती मातीतून परत येतच नाहीत, त्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर करून वाढवून हाताने लावाव्या लागतात. जातींची संख्या मूळ जंगलाच्या जवळ नेण्यात या लोकांना चांगलं यश आलंय. पण जंगल म्हणजे जातींची यादी नाही हो, म्हातारी झाडं, त्यातल्या ढोल्या, त्या ढोल्यांत राहणारे पोपट, हे काही दशकांत होत नाही, आणि त्यावरून तिथे आजही चांगलाच वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर वाद घालणाऱ्यांच्या बाजूने थोडं जास्त झुकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे घट्टपणा. ही कोणाच्या लक्षातच येत नाही कारण दिसायला सगळं छान असतं. अमेरिकेत 1977 साली कोळशाच्या उघड्या खाणींसाठी कायदा आला, की खाण झाल्यावर जमिनीचा आकार साधारण होता तसा परत करा आणि वर हिरवळ आणा. हेतू चांगलाच होता, त्याआधी लोक डोंगर फोडून तसेच टाकून जायचे. पण झालं काय, उतार घसरू नये आणि इन्स्पेक्टरला गुळगुळीत दिसावं म्हणून कंपन्या डोझर फिरवून फिरवून जमीन फरशीसारखी दाबायला लागल्या आणि वर भराभर वाढणारं गवत पेरायला लागल्या. कायद्याच्या दृष्टीने काम फत्ते. पण पूर्व अमेरिकेतल्या अॅपलाचियाच्या डोंगरात, जिथे मुळात ओक, मेपलची घनदाट जंगलं होती, तिथे त्या दाबलेल्या जमिनीत झाडाचं मूळ शिरेना आणि गवत रोपाला वर येऊ देईना, त्यामुळे वर्षानुवर्षं नुसती गवताची कुरणं राहिली. 2004च्या सुमारास तिथल्या सरकारी खात्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून उलटा सल्ला द्यायला सुरुवात केली, की वरचा निदान चार फुटांचा थर सैल टाका, डोझर कमीत कमी फिरवा, ओबडधोबड राहू द्या, गवत विरळ पेरा. आणि जिथे आधीच दाबून ठेवलंय तिथे मोठे लोखंडी दात जमिनीत घालून ती पुन्हा फाडायची. आधी पैसे खर्च करून दाबायची मग पैसे खर्च करून फाडायची. मला तर आता एखादी साइट फार गुळगुळीत आणि हिरवीगार दिसली की शंकाच येते.

तिसरी आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट, ॲसिड. खूप खाणींच्या खडकात पायराइट असतो, लोखंड आणि गंधक यांचं खनिज, सोन्यासारखं चमकतं ते. जमिनीखाली असतो तोवर बिचारा गप्प. त्याला हवा आणि पाणी एकत्र मिळालं की सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, आणि काही जिवाणूंचं तर यावरच पोट असतं, ते ही प्रक्रिया कितीतरी पटीने वाढवतात. मग ते ॲसिड खडकातलं तांबं, जस्त, ॲल्युमिनियम विरघळवत ओढ्याला जातं, ओढ्याच्या तळाशी नारिंगी गाळ बसतो आणि मासे संपतात. हे एकदा सुरू झालं की पायराइट संपेपर्यंत चालतं, आणि त्याला शतकं लागू शकतात. म्हणून कुठला खडक ॲसिड करणारा आहे हे खणायच्या आधी तपासून तो वेगळा ठेवायचा आणि हवा-पाणी लागणार नाही असा चिकणमातीत बंद करायचा, किंवा कायम पाण्याखाली ठेवायचा. नंतर, सगळं एकमेकांत मिसळून ढीग झाल्यावर तो वेगळा काढायचा म्हणजे, जाऊ दे.

पण आम्लाने मेलेली जमीन परत येतच नाही असं मात्र नाही. कॅनडात सडबरी म्हणून गाव आहे, निकेल आणि तांब्याच्या खाणींचं. तिथे खनिज भाजताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने आणि धातूंच्या धुळीने आजूबाजूची हजारो हेक्टर जमीन काळी, बोडकी झाली होती. (चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमांचे अंतराळवीर तिथे ट्रेनिंगला गेले होते हे खरं आहे, पण ते जमीन चंद्रासारखी ओसाड होती म्हणून नाही, तिथे प्रचंड जुन्या उल्कापाताचे खडक आहेत ते बघायला. ही गोष्ट उलटीच फिरते सगळीकडे.) 1978 साली तिथे काम सुरू झालं, आणि पहिल्यांदा काय केलं तर चुनखडीची पूड, हेक्टरी सुमारे 10 टन, डोंगरउतारावर पोती खांद्यावर नेऊन हाताने पसरली. कॉलेजची मुलं होती, नंतर खाणीतून कामावरून कमी केलेले कामगार. चुन्याने आम्लता उतरली की धातू मुळांना कमी बाधतात. मग खत, मग गवत आणि शेंगवर्गीय बिया, आणि मग बर्च आणि पॉपलरच्या बिया वाऱ्यावर आपोआप येऊन रुजायला लागल्या. त्यानंतर लोकांनी लावलेली झाडं आता 1 कोटीच्या वर गेलीत. पण हे जमलं कारण त्याच काळात धूरही कमी होत गेला. त्याआधी धूर उंच सोडायला तिथल्या कारखान्याची नुसती 381 मीटरची चिमणी बांधली तेव्हा धूर कमी नव्हता झाला, लांब गेला एवढंच.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र केनियातलं. मोंबासाजवळ सिमेंटसाठी चुनखडी काढून उरलेलं उघडं, खारट मैदान. रेने हॅलर नावाच्या माणसाने 1971 साली तिथे 26 प्रकारची झाडं लावून पाहिली, त्यातली 3 टिकली. त्यात सुरूचं झाड होतं, ते मुळांतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरतं त्यामुळे नापीक जमिनीतही तग धरतं. झाडं वाढली, सगळ्यांना वाटलं जमलं. पण खाली सुयांसारख्या पानांचा खच साठत गेला, त्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, इतकं की कुजेचना, आणि कुजणार नाही तर माती होणार कुठून. मग हॅलरच्या लक्षात आलं की वाणी, तो हात लावला की गोल गुंडाळून बसणारा शंभर पायांचा किडा, तो हा पाला खातो. त्यांनी लाल पायांचे वाणी आणून सोडले, त्यांनी पाला खाल्ला, त्यांच्या विष्ठेवर जिवाणू काम करायला लागले आणि काळी माती तयार व्हायला लागली, त्यात मग दुसरी झाडं लावता आली, पुढे प्राणी आले, आज तिथे पार्क आहे. कोणी मला विचारलं की या क्षेत्रात काय शिकलीस तर मी या किड्याबद्दल सांगते, कारण आमच्या बजेटमध्ये रोपांची ओळ असते, ड्रिपची असते, कुंपणाची असते, कुजवणाऱ्याची कधीच नसते.

उतार आणि पाणी यावर खरं तर वेगळं लिहायला हवं, इथे दोनच गोष्टी. वेल्समधल्या ॲबरफॅनला 1966 साली कोळशाच्या दगडमातीचा ढीग घसरून शाळेवर आला, 144 जण गेले, त्यातली 116 मुलं होती. तो ढीग झऱ्यांवर टाकलेला होता. आणि जर्मनीत 2009 साली नाख्टरश्टेट इथे लिग्नाइटच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या कोळशाच्या, जुन्या खाणीत पाणी भरून तलाव करत होते, पर्यटनासाठी, तर काठच रात्रीतून कोसळला आणि घरांसकट 3 माणसं गेली. म्हणजे खाण बंद होऊन सुंदर तळं होत होतं तेव्हाची ही गोष्ट. त्यामुळे झाडांच्या आधी वर्षानुवर्षं नुसती उतारांची आणि पाण्याची मोजणी चाललेली दिसली तर वैतागू नका.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग पहिल्यासारखं होतं का? नाही होत. डोंगर गेला तो गेला, भूजलाची वाट बदलली ती बदलली. पण पहिल्यासारखं नाही म्हणजे वाया गेलं असंही नाही. झेक शास्त्रज्ञांनी कोळसा खाणींच्या ढिगांचा बराच अभ्यास केलाय, त्यात असं दिसलं की जे ढीग सपाट न करता, काही न लावता तसेच सोडून दिले आणि ज्यांच्या आसपास थोडं नैसर्गिक जंगल शिल्लक होतं, तिथे वीसेक वर्षांत जी झाडं-किडे-बेडूक आले ते मुद्दाम सपाट करून लावलेल्या झाडांच्या रांगांपेक्षा कितीतरी जास्त विविध होते. दगडाच्या खाणीचा उभा कडा ससाण्यांना घरट्यासाठी चालतो, आणि आपण तोच लाखो खर्चून उतरता करतो. अर्थात हे विषारी नसलेल्या, घसरत नसलेल्या जागीच. सगळीकडे 'निसर्ग बघून घेईल' म्हणणारे बहुतेक वेळा खर्च टाळत असतात.

आणि खर्चाचं काय, तर तोही पहिल्या दिवशीच ठरायला हवा. खाण सुरू करायच्या आधी कंपनीकडून सुधारणेचा पूर्ण खर्च तारण म्हणून घेऊन ठेवायचा, काम नीट केलं तर परत, नाही केलं किंवा कंपनी बुडाली तर त्या पैशातून दुसऱ्याने करायचं. वर म्हटलेल्या 1977च्या अमेरिकन कायद्यात हे आहे, इतरही बऱ्याच देशांत आहे, पण रक्कम धरताना सगळ्यांचाच हात आखडतो, कंपनीचाही आणि परवानगी देणाऱ्यांचाही. बरं, त्या कायद्यात कोळसाच येतो. अमेरिकेच्याच मोंटाना राज्यातली बर्कली पिट ही तांब्याची खाण 1955 साली सुरू झाली, तेव्हा असलं काहीच नव्हतं. 1982 साली काम थांबलं, पंप बंद केले आणि खड्ड्यात ॲसिडचं पाणी चढायला लागलं. 1995 साली वादळात त्या पाण्यावर उतरलेले 342 हिमहंस मेलेले सापडले. आता पाणी ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ नये म्हणून ते उपसून शुद्ध करत राहावं लागतं, आणि हे किती वर्षं चालणार याच्या उत्तरात आराखड्यात तारीखच नाही, कायमचं आहे.