तोरणमाळच्या घाटात ऑस्ट्रियाचा गवंडी

धुळ्याहून दोंडाईचा, तिथून सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा. मे महिना, त्यामुळे गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या तरी भाजायचं आणि लावल्या तरी उकडायचं. सोबत मावसभाऊ. तो गवंडी, म्हणून रस्त्याकडेला वीटभट्टी दिसली की नजर तिकडे जाणारच. पावसाआधी भट्ट्या बंद होतात, मग कामाचे वांधे, हे त्याचं चालू होतं. तेवढ्यावरून मला बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत शर्यती जिंकणारा हेर्मान मायर आठवला.

ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊ गावचा हा पोरगा. अंगानं किरकोळ, वर गुडघे दुखरे, म्हणून पंधराव्या वर्षी स्की अकादमीतून घरी आला. मग उन्हाळ्यात विटा रचायच्या आणि हिवाळ्यात वडिलांच्या स्की-शाळेत लोकांना शिकवायचं.

"हिवाळामा बांधकाम नही?"

"बर्फात काय बांधणार?"

त्याला पटलं. आपल्याकडे काम पाऊस अडवतो, तिकडे बर्फ.

१९९६ च्या जानेवारीत फ्लाखाऊलाच विश्वचषकाची जायंट स्लालम शर्यत होती, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत खाली यायचं. मायर स्पर्धक नव्हताच. शर्यतीआधी उतार तपासायला काहींना खाली सोडतात, त्यांतला तो एक. पण त्याची वेळ थेट बाराव्या क्रमांकाची भरली! मग संघाचं दार उघडलं.

शहाद्यानंतर पपई-केळीचे मळे मागे पडले आणि सातपुडा सुरू झाला. चढावर ड्रायव्हर एका वळणातून निघतानाच पुढच्या वळणासाठी गाडी कडेला घेत होता. जायंट स्लालममध्येही हीच हुशारी लागते, फक्त तिथं ब्रेक नसतो.

१९९८ ला नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डाउनहिलमध्ये, म्हणजे सगळ्यांत वेगवान उतरंडीच्या शर्यतीत, मायर हवेत उडाला आणि जाळ्या तोडून पलीकडे बर्फात आदळला. तीन दिवसांनी सुपर-जी (डाउनहिलपेक्षा जास्त वळणांची शर्यत) आणि पुढे जायंट स्लालम, दोन्हीत सुवर्ण. लोक अजून ती उडीच बघत बसतात. मला मात्र पुढचं जास्त भारी वाटतं. ऑगस्ट २००१ मध्ये मोटारसायकलला अपघात झाला, पाय कापायची वेळ आली होती.

"मंग? पाय राह्यना का?"

राहिला. आत टायटॅनियमचा दांडा घालून. सॉल्ट लेकचं ऑलिंपिक हुकलं, पण जानेवारी २००३ मध्ये तो शर्यतीत परतला आणि त्याच महिन्यात किट्सब्यूएलची सुपर-जी जिंकला. २००४ ला एकूण विश्वचषक, म्हणजे हंगामातल्या सगळ्या प्रकारांचे गुण धरून मिळणारा, चौथ्यांदा त्याचाच. २००९ मध्ये थांबला, तेव्हा विश्वचषकातले ५४ विजय नावावर होते.

वर पोचलो तेव्हा यशवंत तलावावरून वारा येत होता. साडेअकराशे मीटरच्या आसपासची उंची, त्यामुळे शहाद्यातली काहिली इथं नव्हती. टपरीवर भाकरी, ठेचा, कांदा सांगितला. भावानं सिमेंटनं तडकलेले तळवे घासून धुतले, बसला आणि विचारलं, "तठे गवंडीले रोज किती भेटस?"

ते काही मला सांगता आलं नाही.