तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडची खापरं कशाला?

"आपल्याकडे खणायचं काय कमी राहिलंय, म्हणून तू रोमच्या मागे लागलीस?" लग्नाकार्यात, पंगतीत पान वाढलं जाईपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच. तर सांगते. पुतळे आणि देवळं बघायला मी तिकडे वळले नाही. मला खापरं आवडतात.

रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. अख्खी टेकडी फुटक्या अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या मोठ्या रांजणांची! बहुतेक दक्षिण स्पेनहून ऑलिव्हचं तेल घेऊन आलेले, एकेकात सत्तरेक लिटर. तेल मातीत मुरून खवट व्हायचं, रांजण पुन्हा कामाला यायचा नाही. मग तो फोडायचा, तुकडे नीट रचायचे आणि वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचा. कित्येकांवरचा शाईचा मजकूर अजून वाचता येतो: रिकाम्या रांजणाचं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख ड्रेसेल नावाचा जर्मन अभ्यासक हे वाचत बसला. रांजणांच्या घाटांना, म्हणजे आकारांना, त्याने दिलेले क्रमांक आम्ही आजही वापरतो; हा तेलाचा रांजण म्हणजे 'ड्रेसेल २०'. सम्राटांच्या चरित्रांपेक्षा मला हा हिशेब जास्त खरा वाटतो.

आता तुमचं "आपल्याकडे". पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीची वाइन आहे, आणि पैठण नि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावंही आहेत. त्यामुळे इथे परदेशी रांजणाचं खापर निघालं की ते रोमन ठरवून मोकळं व्हायची सवयच लागली. रोमन म्हटलं की लेबल भारदस्त दिसतं ना! पुढे पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी अशी खापरं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीचशी मेसोपोटेमियाकडच्या 'टॉर्पेडो' रांजणांची निघाली. त्यांना कान नसतात आणि आतून डांबराचा लेप असतो. उलट इटलीतल्या नेपल्सच्या आखातातल्या वाइनच्या अँफोरांच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण असतात.

कान किंवा काठ हाती आला तर काम सोपं. पण बहुतेक वेळा पोटाचा तळहाताएवढा तुकडाच मिळतो. मग ताज्या कापावर भिंग धरून मातीच बघावी लागते, आणि मूळ ठिकाणची माती आधी पुष्कळदा हाताळलेली असल्याशिवाय ती ओळखू येत नाही. फोटोवरून तर नाहीच नाही.